लांजेवारबाबूंची दुसरी प्रत

लांजेवारबाबू शिट्टी वाजवायचे. ज्या ग्रंथालयात मोठमोठे डॉक्टर खोकलासुद्धा रुमालात दाबून खोकत, तिथे हा माणूस महिन्यातून एकदा, कुठल्याही दिवशी, टेबलामागे उभा राहून पोलिसी शिट्टी फुंकायचा आणि ओरडायचा, "आग! उठा! पुस्तक तिथंच ठेवा!" मग मनगट डोळ्यांपाशी नेऊन किती मिनिटांत हॉल रिकामा होतो ते बघायचा. मी सहायक ग्रंथपाल म्हणून लागले त्याच्या चौथ्याच दिवशी ही शिट्टी झाली. मी खरंच घाबरले आणि चपला टेबलाखाली टाकून जिन्याकडे पळाले. परत वर आले तेव्हा बाबू माझ्या चपला हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "दोन मिनिटं दहा सेकंद. चांगलं आहे, बाई. पन चप्पल घालून पळायचं. खाली काच असते."

मला इतका राग आला, की त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, एम.ए., वर ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणि राग कायम नाकावर. बाबू जुन्या काळचे मॅट्रिक, पन्नाशी ओलांडलेले, शिडशिडीत, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात लू लागू नये म्हणून कांदा. या माणसाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे आपली पदवी चुलीत घालायची, असं मी घरी जाऊन सांगितलं.

रुग्णालय नागपुरातलं आणि त्याला कॉलेज जोडलेलं, एवढंच सांगते. नाव सांगत नाही. पुढे जे लिहिणार आहे त्यात अब्रू जायची ती माझी जावी, संस्थेची कशाला?

बाबूंना हे वेड एकाहत्तरच्या लढाईत लागलं असं सगळे म्हणत. तेव्हा नागरी संरक्षणाचे वर्ग झाले होते. बाकीचे कर्मचारी तिथे जाऊन चहा पिऊन आले, लांजेवारबाबू शिट्टी घेऊन आले. लढाई पंधरवड्यात संपली, बाबूंची चालूच राहिली. निवासी डॉक्टर त्यांना चिडवत, "बाबू, पाकिस्तानच्या विमानाले नागपूरपर्यंत यायले पेट्रोल तरी पुरन काय?" बाबू हसत नसत. ते म्हणत, "विमान नाही येनार. पन आग काई विमानात बसून येत नाही."

खरं कारण मला रामटेकेंनी सांगितलं. रामटेके आमचे शिपाई, बाबूंच्याच वयाचे, आणि बाबूंचे एकमेव पक्के शिष्य. बाबूंचं लहानपण लकडगंजात गेलं. तिथल्या लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, त्यांचे वडील कामाला होते. एकदा टालाला आग लागली आणि वडील त्यात भाजून गेले. बाबू स्वतः याबद्दल एकदाच बोलले, तेही मी नव्या वाळूच्या बादल्यांना नाक मुरडलं म्हणून. "विहीर होती, बाई. दहा पावलांवर. पानी काठोकाठ. पन बादली कुठं आहे ते एकालेही माहीत नव्हतं. सगळे 'बादली, बादली' करून राहिले होते." एवढं बोलून ते बादलीवर तारीख घालायला लागले.

त्यांच्या सगळ्या व्यवस्थेचा जीव दाराजवळच्या एका कपाटात होता. कॅज्युअल्टीत अचानक जी केस येते, म्हणजे विषबाधा, सर्पदंश, विंचू, भाजणं, तिला लागणारी तेवढीच पुस्तकं त्यात. या कपाटाजवळ खुर्ची ठेवलेली नव्हती. उभ्यानेच वाचायचं आणि पुस्तक जागेवर ठेवायचं. घरी न्यायला बंदी होती, मग तो कुणी का असेना. एकदा एका विभागप्रमुखांनी आवाज चढवला, "मी कोण आहे ते माहीत आहे का?" बाबू हात जोडून म्हणाले, "माहीत आहे जी. पन साप चावलेला मानूस तुमच्या बंगल्यावर नाही येत, इथं येते."

त्या कपाटात खाली लाकडी खण होता आणि त्यात बाबूंनी स्वतः लिहिलेली साडेसहाशे कार्डं. ही खास त्यांची करामत. डॉक्टरांची पुस्तकं झाडांची नावं लॅटिनमध्ये देतात. पण पोराला कडेवर घेऊन धावत आलेली बाई लॅटिन बोलत नाही. ती म्हणते, पोरानं चंद्रज्योती खाल्ली, धोतरा खाल्ला, बिट्टी खाल्ली. म्हणून बाबूंचं कार्ड त्या बाईच्या तोंडातल्या नावापासून सुरू व्हायचं. ही नावं त्यांनी ओपीडीच्या रांगेत उभं राहून गोळा केली होती. "मावशी, तुमच्या कन्हानकडे ह्याले काय म्हनते?" असं विचारत ते खिशातून एक सुकलेलं फळ काढायचे. मावशी आधी त्यांनाच रुग्ण समजायची. नावाखाली झाडाचं शास्त्रीय नाव, मग पुस्तक, पान, आणि चार ओळी: काय द्यावं. त्याखाली लाल शाईत काय देऊ नये. सगळ्यात खाली ज्या प्राध्यापकांनी ते तपासलं त्यांची सही. कार्डं आपल्या अकारविल्हे लावलेली, अ पासून ज्ञ पर्यंत.

रविवारी बाबूंचा वेगळाच उद्योग असे. दुपट्टा बांधून सायकलवर धंतोलीला जायचं आणि एकेका खासगी डॉक्टरच्या घरी बसून त्यांची पुस्तकांची कपाटं बघायची. कुणाकडे कुठलं पुस्तक, कुठल्या खोलीत, कितव्या फळीवर, सगळं एका वहीत टिपायचं. "आपलं जळलं तर दुसऱ्याचं कुठं आहे ते माहीत पाह्यजे." अशा वेळी हा माणूस इतका नीटनेटका, इतका अवघडून बसायचा आणि घरात इतकं निरखून बघायचा, की एका डॉक्टरच्या बायकोने चहा-पोहे दिल्यावर अखेर विचारलंच, "मुलाकडचे का आपण?" ही गोष्ट मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. लांजेवारबाबू कपाटांच्या सोयरिकी जमवतात, असं मीच पसरवलं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा निव्वळ खुळचटपणाची वाटायची. बाबू आठवणीवर काहीही सांगत नसत. आज वार कोणता विचारलं तरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगत. एकदा कुठल्याशा फॉर्मवर जन्मतारीख भरायची होती, तर हा माणूस दुसऱ्या दिवशी घरून दाखला घेऊन आला आणि मग भरली. "डोकं हा खोटा साक्षीदार आहे, बाई. कोर्टात उभा राह्यला की फिरते." कुणी डॉक्टर म्हणाला, बाबू, तुम्हाला तर सगळी कार्डं पाठ असतील, तर त्यांना तो अपमान वाटायचा.

आता माझ्याबद्दल.

तिसऱ्या वर्षी बाबूंनी ठरवलं, की कार्डांची दुसरी प्रत करायची आणि ती कॅज्युअल्टीत ठेवायची. ग्रंथालय बंद असलं, जळलं, बुडलं, तरी प्रत तिथे असेल. अक्षर माझं चांगलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. साडेसहाशे कार्डं, हाताने, एक अक्षर न चुकता. पहिले पंधरा दिवस मी नेटाने लिहिली. मग कंटाळा यायला लागला. मी पदवी घेतली ती काय बाराखडी गिरवायला? त्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाची धावपळ सुरू झाली. चार महिने होत आले तरी माझं काम 'प'पर्यंतच आलं होतं. बाबू रोज विचारत नसत, पण शनिवारी विचारत. एका शनिवारी मला दुपारच्या गाडीने जायचं होतं, आणि त्यांनी विचारलं, "बाई, कुठवर आलं?" मी म्हटलं, "झालं."

एका शब्दाचं काम. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत उरलेली लिहून टाकू, असा माझा हिशेब होता. पण बाबूंनी पेटी लगेच मागितली. तेव्हा मी काय केलं ते लिहायला आजही हात थांबतो. मी 'प'च्या मागे कोरी कार्डं भरली. पेटी भरलेली दिसावी म्हणून. बाबूंनी झाकण उघडलं, पुढची दहा-बारा कार्डं मूळ कार्डांशी ताडून पाहिली, एकही चूक निघाली नाही. मग झाकण लावत रामटेकेंना म्हणाले, "राहू दे बाकीची. पाठकबाईनं केलं म्हनजे केलं."

जन्मतारखेसाठी दाखला बघणाऱ्या माणसाने एवढं एकदाच कुणावर विसंबून काही केलं, आणि ते माझ्यावर.

पेटी कॅज्युअल्टीत गेली. तिथे ती सिस्टरच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. गुपचूप काढून आणून लिहावी तर कशी? उद्या बघू, परवा बघू करत दोन महिने गेले. खोटं जुनं होत गेलं की त्याला हात लावायची भीती वाढत जाते. मी त्या बाजूने जाणंच सोडलं.

मे महिना उजाडला. नागपूरचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. दुपारी दोनच्या सुमारास रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. हॉलमध्ये पंधरा-वीस जण वाचत होते, खिडक्यांतले कूलर घरघरत होते, वाळ्याचा वास होता. आणि दाराजवळच्या स्विचबोर्डातून चट्ट असा आवाज आला. मग धूर. मग वायरीवरून उतरलेली ज्योत सरळ खालच्या कपाटावर.

त्या बोर्डाबद्दल बाबूंनी तीन अर्ज दिले होते. पण कपाट नेमकं त्याच बोर्डाखाली आहे, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. पटकन बाहेर काढता यावं म्हणून कपाट दाराजवळ, आणि दार जवळ म्हणून बोर्डही तिथेच. सगळा विचार केलेल्या माणसाचा हा एक विचार राहून गेला.

शिट्टी झाली. लोकांना वाटलं नेहमीचीच कवायत. कुणी हसलं, कुणी "बाबू, आज उन्हात तरी नको" म्हणालं, पण पाय सवयीने उठले आणि मागच्या गोल जिन्याने सगळे खाली गेले. रामटेकेंनी खाली धावत जाऊन मेन स्विच पाडला. वाळूच्या बादल्या जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. मी चपला घालून पळाले. बंब यायच्या आत आग हॉलमध्ये पसरायची थांबली होती. एवढं मोठं ग्रंथालय वाचलं, कुणाला साधं खरचटलं नाही. जळलं ते फक्त दाराजवळचं कपाट, त्यातल्या पुस्तकांसकट आणि कार्डांच्या खणासकट.

बाबू ओलं पोतं घेऊन कपाटाकडे दोनदा गेले. दुसऱ्या वेळी रामटेकेंनी त्यांना कमरेला मिठी घालून ओढून आणलं. आम्ही खाली लिंबाच्या झाडाखाली बसलो. बाबूंची एक भुवई जळाली होती, हातावर फोड आले होते. रामटेके रडत होते, "साडेसहाशे कार्डं गेली, बाबू." बाबू मटक्यातलं पाणी घटाघट प्यायले, आणि चक्क हसले. मी त्यांना मोकळं हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "काहून रडते गा? दुसरी प्रत आहे ना. बाईनं चार महिने डोळे फोडले, ते आज कामी आले. काय बाई?"

मी म्हटलं, "हो."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर निदान पुढची काही मिनिटं तरी वाया गेली नसती. पण माझ्या तोंडून "हो" निघालं.

तेवढ्यात कॅज्युअल्टीतली आया धावत आली. हातात चिठ्ठी. तरुण डॉक्टर होते ठवकर, त्यांनी लिहिलं होतं: बिट्टीचं कार्ड पेटीत सापडत नाही, लवकर या. बाबू उठले. "सापडत नाही म्हनजे? घाईत पाहत असन." आणि भरभर चालायला लागले. मी आणि रामटेके मागे. कॅज्युअल्टीच्या इमारतीपर्यंतचं अंतर शंभर-सव्वाशे पावलांचं असेल. प्रत्येक पावलाला मी ठरवत होते, आता सांगते, आता सांगते.

खाटेवर पाच वर्षांची मुलगी होती. कन्हानजवळच्या गावातली. पोरांनी बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, फळं गोट्यांसारखी खेळायला घेतली होती, हिने फोडून आतल्या बिया खाल्ल्या. ठवकरांनी पोट धुऊन काढलं होतं, पण नाडी उतरत चालली होती. त्यांचे एक वरिष्ठ सुटीवर, दुसरे कामठीला रुग्ण बघायला गेलेले. ठवकरांच्या हातात कॅल्शियमची भरलेली सिरिंज होती. हृदयाला जोर येईल म्हणून द्यावं असं त्यांना वाटत होतं आणि बिट्टीत ते चालतं की नाही याची खात्री नव्हती. मुलीची आई भिंतीला टेकून उभी होती.

बाबूंनी पेटी जवळ ओढली. त्यांची बोटं सवयीने बरोब्बर मागे गेली. 'प'. मग कोरं कार्ड. मग कोरं. त्यांनी ते उलटवून पाहिलं, जणू अक्षरं मागच्या बाजूला गेली असतील. मग ते शेवटपर्यंत गेले, एकेक कार्ड करत, एकही न सोडता. सगळी पांढरी. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बाई?"

मी म्हटलं, "'प'पर्यंतच झालीत."

'फ'ची सगळी मिळून चार कार्डं होती. त्यानंतर 'ब'. आणखी दोन दिवस बसले असते तर बिट्टी लिहून झाली असती.

ठवकर ओरडले, "बाबू, तुम्हीच लिहिलंय ना ते कार्ड? आठवत असेल ना? द्यायचं की नाही द्यायचं, एका शब्दात सांगा!"

बाबूंचे ओठ हलले. मी बघत होते. त्यांना काहीतरी आठवलं होतं, नक्की आठवलं होतं. ते गिळून ते म्हणाले, "आठवते. पन आठवते म्हनून नाही सांगनार."

"अहो, पोरगी जातेय!"

"म्हनूनच."

त्यांनी खिशातून ती वही काढली. धंतोलीतल्या बापट डॉक्टरांचं पान उघडलं, टेबलावरचा फोन फिरवला. तिकडे घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. दुपारची वेळ, कूलरच्या आवाजात सगळं घर झोपलेलं. बाबूंनी फोन ठेवला. "डॉक्टर, पुस्तक आणतो. तोवर ती सुई देऊ नका. हात जोडतो." आणि रामटेकेंच्या सायकलवर मागे बसून, फोड आलेला हात छातीशी धरून ते उन्हात निघून गेले.

मी मुलीच्या पायाशी उभी राहिले. दुसरं काय करणार? तिच्या पायात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक घुंगरू होता. सिस्टर नाडी मोजून आकडा सांगायची आणि प्रत्येक आकडा आधीच्याहून कमी. ठवकरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, उचलली, परत ठेवली. मुलीची आई माझ्याजवळ आली. तिला वाटलं, मी कुणी मोठी बाई आहे. म्हणाली, "बाई वं, थे कार्डावाले बाबा येतीन ना जी?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मंग ठीक आहे. मागच्या साली त्याईनंच मले बिट्टीचं फळ दाखवून विचारलं होतं, ह्याले तुमच्याकडे काय म्हनते. मीच सांगतलं होतं त्याईले." आणि तिने माझा हात धरला. तिचा तो हात मी आजही विसरू शकत नाही. ज्या बाईने नाव सांगितलं, तिच्याच पोरीसाठी ते कार्ड नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.

वीस मिनिटं झाली. ठवकर म्हणाले, "आणखी पाच मिनिटं. मग मी माझ्या जबाबदारीवर देतो." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुलगी समोर जात असताना हात बांधून उभं राहणं कुणालाही जमत नाही. चार मिनिटं झाली. त्यांनी सिरिंज उचलून उजेडात धरली.

बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला. बाबू आत आले ते डोक्याचा दुपट्टा सोडून त्यात पुस्तक गुंडाळून. चेहरा लालबुंद, श्वास लागलेला. बापटांच्या घरात शिरून कुणाला काही न सांगता ते हॉलमधल्या काचेच्या कपाटाकडे गेले होते, वरून दुसरी फळी. डॉक्टर जागे होऊन बाहेर आले तेव्हा बाबू पुस्तक घेऊन पायऱ्या उतरत होते, असं नंतर कळलं. त्यांनी पान उघडून ठवकरांपुढे धरलं आणि बोट ठेवलं. ठवकरांनी वाचलं. मग अगदी हळू सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, जशी काही ती फुटणार होती. पुस्तकात कॅल्शियम देऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसरं इंजेक्शन दिलं गेलं. उन्हं कलली तेव्हा सिस्टरने सांगितलेला आकडा पहिल्यांदा आधीच्याहून मोठा होता. मुलगी वाचली.

व्हरांड्यात बाबू बाकावर बसले होते, हाताला पट्टी. मी समोर जाऊन उभी राहिले. विचारलं, "तुम्हाला जे आठवत होतं तेच निघालं का पुस्तकात?"

बाबूंनी मान हलवली. "नाही. मले वाटे, द्यावं म्हनून."

चौकशी झाली. दुसरी प्रत अपुरी होती हे ठवकरांना, सिस्टरला, सगळ्यांना माहीत झालं होतं. कुणी अपुरी ठेवली हे मात्र बाबूंनी आपल्या जबाबात आधीच लिहून टाकलं: "प्रत तपासून घेण्याचे काम ग्रंथपालाचे होते. ते मी केले नाही. तपासले नाही ते काम झाले असे धरता येत नाही." पुढे माझं नाव कुठेच नव्हतं. त्यांना ग्रंथालयातून काढून जुन्या केसपेपरांच्या तळघरातल्या गोदामात पाठवलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आला.

चार रात्री झोप लागली नाही. पाचव्या दिवशी सगळं खरं कबूल करणारं पत्र लिहून मी ते आधी गोदामात घेऊन गेले. बाबू एका स्टुलावर बसून धुळीतले गठ्ठे सोडवत होते. पत्र त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मला वाटलं, आता बोलतील, रागावतील, निदान "बाई, हे काय केलं?" म्हणतील. मला ते हवं होतं. ते म्हणाले, "हे देऊ नका. तुम्ही गेल्या तं कार्डं कोन लिहीन? पुन्हा पयल्यापासून लिहा लागते. आता दोन प्रती." आणि पत्र माझ्या हातात परत दिलं. मी ते दिलं नाही. बाबूंनी सांगितलं म्हणून नाही दिलं, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती. आज हे लिहून टाकते.

कार्डं लिहायला जवळजवळ तीन वर्षं लागली. बापटांकडून, दुसऱ्या कॉलेजातून, जिथे जे पुस्तक आहे तिथून. पहिल्या कोऱ्या कार्डावर मी 'बिट्टी' लिहिलं आणि मग अ पासून सुरुवात केली. अडलं की गोदामात जायचे. बाबू वहीत बघून पत्ता सांगायचे, चहा पाजायचे, रामटेकेंच्या गुडघ्याची चौकशी करायचे. बोलण्यात अढी म्हणून नव्हती. दोन्ही प्रती पूर्ण झाल्या, एक ग्रंथालयात बोर्डापासून लांबच्या भिंतीला, दुसरी कॅज्युअल्टीत. मी त्यांना जाऊन सांगितलं, "बाबू, झालं." ते म्हणाले, "छान." पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. आम्ही हार घातला, त्यांनी भाषण केलं नाही. मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर वर्ष उलटलं असेल. कॅज्युअल्टीतली सिस्टर बोलता बोलता म्हणाली, "तुमचे जुने बाबू येतात ना, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तुम्हीच पाठवता ना त्यांना?"

मी पाठवत नव्हते. मला माहीतही नव्हतं.

पहिल्या सोमवारी सकाळी मी जाऊन व्हरांड्यातल्या खांबाआड उभी राहिले. चोरासारखी. साडेदहाच्या सुमारास बाबू आले. थकले होते, एका हातात काठी. सिस्टरने खुर्ची पुढे केली ती त्यांनी नको म्हटली. पेटी उघडली आणि उभ्यानेच कार्डं बघायला लागले. अ, आ, क, ग. भराभर, अंगठ्याने, जेमतेम नजर टाकत. मला मनात हसूच आलं, म्हातारपणीचा चाळा म्हणून. 'प' संपला तसा त्यांचा अंगठा थांबला.

त्यांनी काठी टेबलाला टेकवली. चष्मा पुसून परत लावला. मग 'फ'चं पहिलं कार्ड बाहेर काढलं, पूर्ण वाचलं, उलटवून पाठ पाहिली आणि जागेवर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. तिथून पुढचं एकही कार्ड त्यांनी न वाचता सोडलं नाही. तास-सव्वा तास लागला असेल. मला आधी भयंकर राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही गेलं आणि नुसतं रडू आलं. या माणसाने मला केव्हाच माफ केलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवायचं मात्र त्यांनी त्या दुपारीच सोडलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शेवटचं कार्ड वाचून त्यांनी झाकण लावलं आणि काठी उचलली. ते दारातून बाहेर आले तेव्हा मी खांबाच्या पलीकडे सरकले, आणि ते माझ्यापासून दोन हातांवरून पायऱ्या उतरून बसस्टॉपकडे गेले.